दार कधी उघडायचं?

१५ जुलै २०२५ रोजी आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असताना शुभांशु शुक्ला आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचं ‘ग्रेस’ हे ड्रॅगन यान सॅन डिएगोजवळ प्रशांत महासागरात उतरलं. चार पॅराशूटं पाण्यावर पसरली, टाळ्या वाजल्या, अभिनंदनाचे संदेश सुरू झाले. यानाचं दार मात्र बंदच होतं. आधी वेगवान बोटी आल्या. त्यांतल्या माणसांनी यानाभोवतीच्या हवेत विषारी वायू आहे का ते तपासलं, दोर अडकवले, पॅराशूटं गोळा केली. मग ‘शॅनन’ हे जहाज जवळ आलं आणि त्याने माणसांसकट अख्खं यान पाण्यातून उचलून आपल्या डेकवर घेतलं. दार उघडलं ते त्यानंतर. राकेश शर्मा १९८४ मध्ये कझाकस्तानच्या माळावर उतरले होते. अंतराळातून थेट समुद्रात उतरलेले शुक्ला हे पहिले भारतीय नागरिक.

दार उशिरा उघडण्यामागे साठ वर्षांचा अनुभव आहे. समुद्रात उतरलेल्या यानातून माणसांना लगेच बाहेर काढायचं, की यान जहाजावर येईपर्यंत आतच ठेवायचं, या प्रश्नाची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली गेली. त्यांतलं एकही उत्तर नुसतं टेबलाशी बसून सापडलेलं नाही. कुणी बुडता बुडता वाचलं, कुणाच्या फुप्फुसात वायू गेला, कुणी गोठत्या तळ्यात रात्र काढली, तेव्हा कुठे नियम बदलले. गगनयान या भारताच्या समानव अंतराळमोहिमेच्या निमित्ताने हा प्रश्न आता भारतीय नौदलापुढे आहे. म्हणून आजवरचा हिशेब एकदा सलग मांडून पाहायला हवा.

समुद्रच का, हे आधी सांगायला हवं. सोव्हिएत रशियाकडे हजारो मैल सपाट, निर्मनुष्य जमीन होती. त्यांनी यानं जमिनीवर उतरवली. पण जमिनीवर उतरताना शेवटच्या क्षणी धक्का कमी करणारी छोटी रॉकेटं लागतात. पाणी तो धक्का बऱ्याच प्रमाणात स्वतःच झेलतं. अमेरिकेकडे दोन महासागर होते आणि दुसऱ्या महायुद्धातून बाहेर पडलेलं प्रचंड नौदल होतं. तिसरं कारण फारसं बोललं जात नाही, पण माझ्या मते तेच सर्वांत पक्कं आहे. फ्लोरिडातून सुटलेलं रॉकेट अटलांटिकवरून जातं. वर जाताना बिघाड झाला तर यान समुद्रातच पडणार, मग शेवटी कुठेही उतरायचं ठरलेलं असो. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून सुटणाऱ्या प्रत्येक यानाला तरंगता आलंच पाहिजे आणि त्यातल्या माणसांना पाण्यातून सोडवणारं कुणीतरी तयार असलंच पाहिजे. श्रीहरिकोट्याची गोष्ट वेगळी नाही. तिथून सुटणाऱ्या रॉकेटखाली बंगालचा उपसागर आहे.

पाणी मऊ असतं हा मात्र गैरसमज. अपोलो यान तीन पॅराशूटांखाली ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने खाली येई. बूड सपाट टेकलं तर धक्का जबर बसतो, म्हणून यान पॅराशूटाखाली २७.५ अंश तिरकं टांगलेलं असे. आधी एक कड पाण्यात शिरायची, मग बाकीचं यान. तरीही लाट कशी भेटेल यावर सगळं अवलंबून. अपोलो १२ उतरताना इतका जोराचा आपटा बसला की खिडकीजवळ लावलेला कॅमेरा निखळून ॲलन बीन यांच्या डोक्यावर आदळला आणि चंद्रावर चालून आलेल्या माणसाला कपाळावर टाके पडले.

आता गस ग्रिसम या अमेरिकी अंतराळवीराकडे येऊ. या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची काही मिनिटं त्यांच्या वाट्याला आली आणि त्यांच्यावर अन्यायही झाला. मे १९६१ मध्ये ॲलन शेपर्ड यांचं पंधरा मिनिटांचं उड्डाण आणि त्यानंतरची सुटका, दोन्ही बिनबोभाट पार पडलं होतं. २१ जुलै १९६१ रोजी गस ग्रिसम यांचं ‘लिबर्टी बेल ७’ अटलांटिकमध्ये उतरलं. उतरणं उत्तम झालं. ग्रिसम आत बसून उपकरणांवरचे आकडे लिहून घेत होते. त्यांनी हेलिकॉप्टरला थोडं थांबायला सांगितलं. या यानाचं दार ७० बोल्टांनी बसवलेलं होतं आणि आतलं बटण दाबलं की स्फोटकांनी ते सगळे बोल्ट एकदम तुटून दार उडून जाई. हेलिकॉप्टरने यान दोराने पकडून थोडं वर घेतलं की मग दार उडवायचं, असं ठरलं होतं. ते आधीच उडालं. पाणी आत घुसलं आणि ग्रिसम त्या भोकातून बाहेर निघाले.

पुढचं दृश्य जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात तीन गोष्टी एकाच वेळी बिघडत होत्या. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला वाटलं, माणूस सुखरूप पोहतोय, आधी यान वाचवू. त्याने यानाला आकडा अडकवला, पण पाणी भरलेलं यान हेलिकॉप्टरच्या ताकदीपलीकडे जड झालं होतं आणि इंजिनात बिघाड असल्याचा दिवा लागला. दुसरीकडे ग्रिसम यांच्या पोशाखाचं एक झाकण, जिथून प्राणवायूची नळी आत जाते ते, बंद करायचं राहून गेलं होतं. तिथून पोशाखातली हवा बाहेर जात होती, पाणी आत येत होतं आणि त्यांना तरंगवणारा पोशाखच त्यांना खाली ओढू लागला होता. परतल्यावर मित्रांना वाटायला म्हणून नेलेली नाण्यांची पुडकीही खिशात होती. तिसरी गोष्ट, हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा त्यांच्या डोक्यावरून जात होत्या. ते हात हलवत होते. वरच्यांना वाटलं, सगळं ठीक असल्याची खूण करतायत. शेवटी दुसऱ्या हेलिकॉप्टरने त्यांना वर घेतलं. यान सोडून द्यावं लागलं आणि ते जवळपास पाच किलोमीटर खोल तळाशी गेलं. १९९९ मध्ये ते वर काढण्यात आलं.

दार ग्रिसम यांनीच घाबरून उडवलं, अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालू राहिली. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा आपल्या यानातच बसून राहिले, यान ‘कियरसार्ज’ या विमानवाहू जहाजावर घेतल्यावर त्यांनी मुद्दाम ते बटण दाबलं आणि बटणाच्या उलट धक्क्याने त्यांच्या हाताला ठसठशीत इजा झाली. ग्रिसम यांच्या हातावर असं काहीही नव्हतं. माझ्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा आहे. पुढे हेलिकॉप्टरमधून आलेल्या स्थिर विजेने स्फोटकं पेटली असावीत, असाही तर्क मांडला गेला. जानेवारी १९६७ मध्ये हेच ग्रिसम अपोलो १ च्या आगीत, जमिनीवरच्या चाचणीत, दोन सहकाऱ्यांसह गेले. त्या यानाचं आतलं दार आत उघडणारं होतं आणि आतल्या वाढलेल्या दाबापुढे ते उघडताच आलं नाही. त्या रचनेमागे अनेक कारणं होती. पण एकाच माणसाच्या आयुष्यात एक दार नको तेव्हा उघडलं आणि दुसरं हवं तेव्हा उघडलं नाही, हे वाचताना आजही पोटात तुटतं. त्यानंतरच्या अपोलो यानांना बाहेर उघडणारं आणि काही सेकंदांत उघडणारं दार बसवलं गेलं.

लिबर्टी बेलच्या बुडण्याने सुटकेची पद्धतच बदलली. हेलिकॉप्टरने जड यान उचलायच्या फंदात पडायचं नाही. आधी पाणबुड्यांनी उडी मारायची आणि यानाभोवती हवेने फुगणारा तरंगपट्टा आवळायचा. तो बसला की दार उघडं राहिलं तरी यान बुडत नाही, पाणबुड्यांना उभं राहायला जागा मिळते आणि घाई संपते. पुढची तेरा-चौदा वर्षं अमेरिकेचं जवळपास प्रत्येक समानव यान याच पट्ट्याच्या आधाराने तरंगलं. एवढी साधी वस्तू, पण सुटकेच्या तंत्रातला तिच्याएवढा मोठा शोध मला दुसरा दिसत नाही.

पट्टा बसवायला आधी यान सापडायला हवं. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन ठरल्या जागेपासून सुमारे ६० किलोमीटर अलीकडे उतरले. मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर तर सुमारे ४०० किलोमीटर पुढे गेले. यानातून बाहेर पडून रबरी तराफ्यावर ते जवळपास तीन तास बसून होते. १९६५ मध्ये जेमिनी ५ सुमारे १३० किलोमीटर अलीकडे पडलं आणि कारण शोधल्यावर काय निघालं? पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, असं गणितात धरलं होतं. खरं तर ती ३६०.९८ अंश फिरते, कारण स्वतःभोवती फिरता फिरता ती सूर्याभोवतीही सरकत असते. एका अंशाहूनही कमी फरक, आणि आठ दिवसांत त्याचे एवढे किलोमीटर झाले. पुढच्याच वर्षी जेमिनी ९ ठरल्या जागेपासून किलोमीटरभराच्या आत उतरलं आणि चंद्राला वळसा घालून जीव मुठीत धरून आलेलं अपोलो १३ ‘इवो जिमा’ जहाजापासून अवघ्या साडेसहा किलोमीटरवर. नेम सुधारत गेला तशी समुद्रभर पसरलेल्या जहाजांची गरज कमी होत गेली.

नेम चुकल्यावर काय होतं ते मार्च १९६६ मध्ये जेमिनी ८ ने दाखवलं. यान अंतराळात गरगर फिरू लागल्याने नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांना मोहीम अर्धवट टाकून पश्चिम प्रशांत महासागरात, ओकिनावापासून शेकडो किलोमीटर दूर उतरावं लागलं. मुख्य ताफा तिथे नव्हता. विमानातून पॅराशूटने उतरलेल्या जवानांनी पट्टा बसवला आणि ‘लिओनार्ड एफ. मेसन’ ही विनाशिका तिथे पोचेपर्यंत तीन तास गेले. तोवर लाटांवर हिंदकळणाऱ्या यानातले दोघे अंतराळवीर आणि मदतीला आलेले जवान, सगळ्यांनाच बोट लागली होती.

बोट लागणं हा यातला हसण्यावारी नेण्याचा भाग मुळीच नाही. भाररहित अवस्थेत काही दिवस काढल्यावर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळलेली असते आणि रक्त डोक्याकडे टिकवून ठेवायची शरीराची सवय मोडलेली असते. असा माणूस उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात वरून लाटा. जेमतेम पाच तासांच्या मोहिमेनंतर ग्लेन यांच्यासारखा माणूस सहज चालत डेकवर येऊ शकतो. तीन महिने वर राहिलेला माणूस हलत्या तराफ्यावर पाय ठेवण्याच्या अवस्थेत नसतो. दार कधी उघडायचं याचं उत्तर बदललं त्यामागे समुद्राइतकंच शरीरही कारण आहे.

अपोलोच्या काळात मात्र मोहिमा छोट्या होत्या, त्यामुळे दार समुद्रातच उघडायचं, हा रिवाज पक्का होता. हेलिकॉप्टर, पाणबुडे, तरंगपट्टा, तराफा, जाळीच्या पिंजऱ्यात बसून वर, मग विमानवाहू जहाज. अपोलो यान पाण्यात दोन अवस्थांत स्थिर राहू शकत असे, सुलटं आणि उलटं. उलटं झालं तर टोकाकडच्या तीन पिशव्या फुगवून ते सुलटं करायचं. अपोलो ८ आणि अपोलो ११ दोन्ही आधी उलटीच झाली होती. २४ जुलै १९६९ ला अपोलो ११ उतरताना मूळ जागेवर वादळी ढग जमल्याचं गुप्त हवामान उपग्रहामुळे कळलं आणि उतरण्याची जागा सुमारे ४०० किलोमीटर हलवण्यात आली.

त्या दिवशी दाराचा प्रश्न सर्वांत अवघड रूपात समोर होता. चंद्रावरून एखादा जंतू पृथ्वीवर आला तर, ही भीती तेव्हा खरी मानली जात होती. म्हणून यान माणसांसकट बंद ठेवूनच जहाजावर घ्यावं, असा पर्याय विचारात होता. पण भरलेलं यान क्रेनने उचलताना दोर तुटला किंवा यान जहाजाच्या कडेवर आदळलं तर? शेवटी ठरलं, दार समुद्रातच उघडायचं. पाणबुड्याने आत खास पोशाख टाकले, तिघे ते चढवून बाहेर आले, एकमेकांच्या अंगावर जंतुनाशक चोळलं आणि ‘हॉर्नेट’ जहाजावरच्या बंद खोलीत गेले. खरं पाहिलं तर दार उघडताक्षणीच आतली हवा प्रशांत महासागरावर मोकळी झाली होती. चंद्रावर जंतू नव्हते म्हणून निभावलं. पृथ्वीचं रक्षण आणि तीन माणसांचा जीव यांत त्या क्षणी निवड करायची वेळ आली तेव्हा जीव निवडला गेला. तो निर्णय मला माणुसकीचा वाटतो, पण विलगीकरण कडेकोट होतं असं कुणी म्हणू नये.

स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाने उत्तर उलटं केलं. १९७३-७४ मध्ये अंतराळवीर २८, ५९ आणि ८४ दिवस राहून परतले, आणि त्यांच्या बाबतीत यान माणसांसकट क्रेनने जहाजावर घेण्यात आलं. अपोलो ११ च्या वेळी जी भीती वाटली होती तिला आता तोंड देणं भाग होतं, कारण ८४ दिवसांनी परतलेल्या माणसाला तराफ्यावर चढवणं त्याहून धोक्याचं.

बंद दारालाही स्वतःचे धोके आहेत, हे जुलै १९७५ मध्ये कळलं. अपोलो-सोयूझ मोहिमेहून टॉम स्टॅफर्ड, व्हान्स ब्रँड आणि डेक स्लेटन परतत होते. पॅराशूटं उघडण्याआधी यानाची दिशा सांभाळणारी छोटी रॉकेटं बंद व्हायला हवी होती. ती चालू राहिली. त्याच वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडली आणि त्या रॉकेटांतला नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा तांबूस वायू थेट आत शिरला. हा वायू फुप्फुसं जाळतो. यान पाण्यात पडलं ते उलटं झालं. तिघे पट्ट्यांना उलटे लटकलेले, श्वास लागलेला, आणि दार पाण्याखाली. स्टॅफर्ड यांनी पट्टा सोडून प्राणवायूचे मुखवटे काढले. ब्रँड बेशुद्ध झाले होते. स्टॅफर्ड यांनी त्यांच्या तोंडावर मुखवटा धरला. पिशव्या फुगून यान सुलटं झालं, मग बाहेरची स्वच्छ हवा आत घेता आली. तिघांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. अपोलो यानाचं ते शेवटचं उड्डाण होतं आणि त्यानंतर आधी स्पेस शटलमुळे आणि मग रशियाच्या सोयूझमुळे पंचेचाळीस वर्षं अमेरिकी अंतराळवीर समुद्रात उतरलेच नाहीत.

रशियाने जमीन निवडली म्हणून त्यांची पाण्यातून सुटका झाली असं नाही. १६ ऑक्टोबर १९७६ रोजी सोयूझ २३ वादळी हिमवर्षावात भरकटून कझाकस्तानातल्या तेंगिझ तळ्यात पडलं. रात्र होती, तापमान उणे वीसच्या आसपास. पाण्याने शॉर्टसर्किट होऊन राखीव पॅराशूट सुटलं, ते पाण्याने भरलं आणि त्याने यान असं कलंडवलं की दार पाण्याखाली गेलं. व्याचेस्लाव झुदोव आणि वालेरी रोझदेस्तवेन्स्की रात्रभर अंधारात, कमी होत जाणाऱ्या हवेत बसून राहिले. बर्फ आणि दलदलीमुळे बोटी पोचेनात. सकाळी हेलिकॉप्टरने दोर बांधला. भिजलेल्या पॅराशूटासकट यान उचलवेना, तेव्हा ते तळ्यातून फरफटत काठावर आणलं. दोघे जिवंत होते. रोझदेस्तवेन्स्की हे मूळचे नौदलातले पाणबुडे, हा योगायोग त्या रात्री आतल्या दोघांच्या किती कामी आला असेल!

रशियाची एक आठवण मुंबईशी जोडलेली आहे आणि ती आपल्याकडे फारच कमी जणांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये दोन कासवं आणि इतर काही जीव घेऊन झोंड ५ हे मानवविरहित यान चंद्राला वळसा घालून परतलं. चंद्राभोवती जाऊन जिवंत परतलेले पृथ्वीवरचे पहिले जीव तेच. दिशादर्शक यंत्रणा बिघडल्याने ते सोव्हिएत भूमीऐवजी २१ सप्टेंबरला हिंदी महासागरात पडलं. ‘बोरोविची’ या जहाजाने ते शोधलं, ‘वसिली गोलोविन’ या जहाजाने मुंबई बंदरात आणलं आणि तिथून ते आन्तोनोव्ह विमानाने मायदेशी गेलं. अपोलो ८ च्या तीन महिने आधी चंद्राला वळसा घालून आलेली वस्तू मुंबईच्या धक्क्यावर उतरली होती.

ऑगस्ट २०२० मध्ये ड्रॅगन यान पेन्साकोलाजवळ मेक्सिकोच्या आखातात उतरलं आणि समुद्रात उतरण्याचं युग पुन्हा सुरू झालं. या वेळी विमानवाहू जहाज नव्हतं, नौदलाचा ताफा नव्हता. खासगी कंपनीचं बेतशीर जहाज होतं, मागच्या बाजूला यान उचलण्याची चौकट बसवलेलं. पहिल्याच खेपेला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. हौशी लोकांच्या खासगी बोटी यानाच्या अगदी जवळ आल्या. आणि यान डेकवर घेतल्यावर त्याच्याभोवती तोच जुना नायट्रोजन टेट्रॉक्साइड सापडला, त्यामुळे दार उघडणं लांबलं. पंचेचाळीस वर्षांनी तोच वायू! पुढच्या मोहिमेपासून तटरक्षक दलाने भोवतीचा समुद्र मोकळा ठेवायला सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये सुनीता विल्यम्स नऊ महिन्यांनी परतल्या तेव्हा टॅलाहासीजवळ यानाभोवती डॉल्फिन घिरट्या घालताना जगाने पाहिले. पण त्यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, हेही लक्षात ठेवायला हवं. आता ड्रॅगन प्रशांत किनाऱ्यावर उतरतं, कारण यानापासून वेगळा होणारा मागचा भाग जमिनीवर कुठेही न पडता समुद्रात पाडता येतो.

ओरायन या चंद्रयानासाठी अमेरिकेने पुन्हा नौदल बोलावलं. डिसेंबर २०२२ मध्ये माणसांविना परतलेलं ओरायन ‘पोर्टलंड’ या युद्धनौकेच्या पोटात ओढून घेतलं गेलं. या नौकेच्या मागच्या भागात पाणी भरता येतं, यान तरंगत आत येतं, मग पाणी बाहेर काढलं की ते कोरड्या तळावर टेकतं. या भागाला वेल डेक म्हणतात. माणसं असतील तेव्हा मात्र आधी दाराबाहेर फुगवलेल्या तराफ्यावर त्यांना घ्यायचं, हेलिकॉप्टरने जहाजावर न्यायचं आणि रिकामं यान नंतर ओढायचं, अशी ओरायनची योजना आहे. एकाच देशात, एकाच काळात दोन उत्तरं! ड्रॅगनचं छोटं जहाज यानापर्यंत चटकन येऊ शकतं. प्रचंड युद्धनौकेच्या पोटात यान दोरांनी ओढणं हे सावकाशीचं काम आहे आणि तेवढा वेळ माणसांना लाटांवर ठेवायचं नाही, असा त्यामागचा विचार दिसतो.

आता आपलं. इस्रोने २२ जानेवारी २००७ रोजी ५५० किलोचं एसआरई यान बंगालच्या उपसागरातून परत मिळवलं, तेव्हापासून तटरक्षक दल आणि नौदल या कामात आहे. डिसेंबर २०१४ मध्ये साधारण पावणेचार टनांचं ‘केअर’ यान १२६ किलोमीटर उंचीवरून अंदमानजवळच्या समुद्रात उतरलं आणि तटरक्षक दलाने ते उचलून आणलं. २१ ऑक्टोबर २०२३ ची टीव्ही-डी१ चाचणी मला सर्वांत शिकवणारी वाटते. संकटकाळी यान रॉकेटपासून सोडवण्याची ती चाचणी उत्तम झाली, श्रीहरिकोट्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर क्रू मॉड्यूल पाण्यात उतरलं आणि उलटं झालं. त्या मॉड्यूलमध्ये सुलटं करणारी यंत्रणा बसवलेलीच नव्हती, त्यामुळे यात अपयश काही नव्हतं. पण उलट्या यानापाशी पोचून त्याला दोर बांधणं आणि जहाजावर घेणं नौदलाच्या पाणबुड्यांना खऱ्या समुद्रात करावं लागलं. तो अनुभव तलावात मिळत नाही. फुगणाऱ्या पिशव्यांची यंत्रणा हा गगनयानातला लहानसा भाग दिसतो. स्टॅफर्ड आणि ब्रँड यांची गोष्ट ठाऊक असलेल्याला तो तसा वाटणार नाही.

नौदलाने कोचीच्या आयएनएस गरुडवर पाण्यातून सुटकेचं प्रशिक्षण केंद्र उभारलं आहे, विशाखापट्टणमला यानाच्या प्रतिकृतीवर सराव केले आहेत आणि ६ डिसेंबर २०२४ रोजी वेल डेकमध्ये यान ओढून घेण्याचीही चाचणी केली आहे. पसंतीचा एक पर्याय असा की गगनयात्रींना आतच ठेवून यान वेल डेकमध्ये ओढायचं आणि तिथे, स्थिर तळावर, दार उघडायचं. म्हणजे ओरायनची जहाजाची पद्धत आणि ड्रॅगनची दाराची पद्धत यांचा मेळ. मला हा पर्याय पटतो. पहिल्या मोहिमा जास्तीत जास्त तीन दिवसांच्या असल्या तरी त्याच दिवसांत अंतराळातला त्रास सर्वाधिक असतो. मात्र यान ओढत असताना आत कुणाला श्वास लागला तर लगेच तराफ्यावर काढण्याची तयारी त्याच दोरांना बिलगून पोहणाऱ्या पाणबुड्यांकडे असली पाहिजे. दोन्ही पद्धतींचा सराव हवा. एकीवर विसंबून चालणार नाही.

समुद्राचं काय? सुरुवातीला गुजरातच्या किनाऱ्याजवळ अरबी समुद्रात उतरण्याचा बेत २०१८ मध्ये सांगितला गेला होता. अरबी समुद्र वर्षाचा मोठा काळ शांत असतो, पण जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत तो कसा असतो हे कोकणातल्या कुठल्याही खलाशाला विचारा. त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर चक्रीवादळांचा हंगाम. उतरण्याची जागा बदलता येते, उतरणं एक-दोन दिवस लांबवताही येतं. २०२४ मध्ये फ्लोरिडाजवळच्या वादळांमुळे ड्रॅगनच्या एका मोहिमेला परतायला काही आठवडे थांबावं लागलं.

वर जाताना झालेल्या बिघाडाला हे स्वातंत्र्य नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे. रॉकेट सुटल्यावर कितव्या मिनिटाला बिघाड होतो त्यावर यान कुठे पडेल ते ठरतं आणि ती जागा किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब असू शकते. ऑस्ट्रेलियाजवळच्या समुद्रात यान पडलं तर तिथल्या यंत्रणेची मदत मिळावी, यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने ऑस्ट्रेलियाशी करार केला. तो अतिशय शहाणपणाचा आहे. तरीही प्रत्येक ठिकाणी जहाज उभं करता येत नाही. अपोलो ८ पहाटेच्या अंधारात उतरलं तेव्हा जहाज जवळ असूनही पाणबुड्यांना उजाडेपर्यंत पाण्यात उतरवलं नव्हतं. २०२१ मध्ये ड्रॅगनने रात्री उतरून दाखवलं, पण तिथे जहाज, बोटी, दिवे सगळं आधीपासून जागेवर होतं. म्हणून भर समुद्रात, रात्री, उंच लाटांत आणि मुख्य ताफा दूर असताना, अशी एक सुटका-चाचणी गगनयात्री बसण्याआधी व्हावी, विमानातून पाणबुडे उतरवून, अगदी शेवटच्या दोरापर्यंत. आणि गगनयात्रींना कोचीच्या तलावात यानातून स्वतःहून बाहेर पडण्याचा सराव इतका व्हावा की उलट्या यानात, अंधारात, झडप कुठे आणि मुखवटा कुठे हे हाताला डोळ्यांशिवाय सापडावं. मदत पोचेपर्यंतचे पहिले काही तास दार उघडायचं की नाही, हे आत बसलेल्यांनाच ठरवावं लागणार आहे.